लाइफ लिस्टमध्ये फोटो नसलेला पक्षी धरायचा का? (आणि लेन्स, घड्याळ, जुने फोटो वगैरे सगळंच)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्षातून दोन-तीन मोठ्या ट्रिपा होतात, दोन वर्षांपूर्वी कॅमेरा आणि झूम लेन्स घेतली, आता हार्ड डिस्कवर चौदा-पंधरा हजार फोटो पडलेत, त्यातले निम्मे पक्षी कोणते तेच कळत नाही, आणि आता लाइफ लिस्ट करायचीय. सुरुवात कुठून करायची, फोटो नसेल तर पक्षी धरायचा की नाही, आणि ट्रिपमध्ये जास्त पक्षी मिळायला काय करायचं. मी साधारण वीस वर्षं हे करतोय, त्यातली पहिली पाच-सहा वर्षं जवळपास सगळंच चुकीचं केलं, त्यामुळे उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

आधी सोपा भाग. फोटो नसला तरी पक्षी धरायचा. लाइफ लिस्ट ही तुम्ही पाहिलेल्या आणि ओळखलेल्या पक्ष्यांची यादी आहे, फोटोंची नाही. दुर्बिणीतून दोन मिनिटं नीट बघितलेला, चोच-पाय-शेपूट सगळं मनात नोंदवलेला पक्षी हा ढगातल्या ठिपक्याच्या फोटोपेक्षा कितीतरी पक्का असतो. पण याच्या उलटा नियम लोक विसरतात, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे: फोटो आहे पण पक्षी तुम्हाला ओळखता आलेला नाही, तर तो अजून यादीत नाही. गाइडनं बोट दाखवलं, म्हणाला अमुक आहे, तुम्ही खटाखट वीस फ्रेम मारल्या आणि संध्याकाळी नाव लिहून टाकलं, हे सगळ्यांनी केलेलं असतं, मीही केलंय. काही वर्षांनी मी माझी यादी एकदा कडक नजरेनं तपासली तर अकरा नावं अशी निघाली की तो पक्षी दुसऱ्यांदा समोर आला असता तर मी ओळखलाच नसता. अकराच्या अकरा खोडली. त्यातले सात नंतर परत मिळाले, नीट बघून. ते सातही पहिल्या भेटीपेक्षा चांगले आठवतात.

बाकी नियम तुमचे तुम्ही ठरवा, फक्त एकदा ठरवले की बदलू नका. बहुतेक जण मानतात ते असं, की पक्षी जिवंत हवा, जंगली हवा, मोकळा हवा. पिंजऱ्यातून सुटलेला पोपट धरत नाहीत. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट आणि अ‍ॅप) त्याला एस्केपी म्हणजे सुटून आलेला अशी वेगळी खूण असते आणि तो तुमच्या मुख्य आकड्यात येत नाही, पण परदेशातून येऊन पिढ्यान्पिढ्या तिथेच वाढणारी जात असेल तर ती येते. फक्त आवाज ऐकला तर? अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या नियमात ऐकलेला पक्षी चालतो. मी धरतो पण यादीत त्यापुढे 'आवाज' असं लिहितो आणि तो दिसेपर्यंत मला चैन पडत नाही. रातवे आणि घुबडं यांच्याबाबतीत तर असं करावंच लागतं, नाहीतर यादी कायम लंगडीच राहील.

आता मुद्दा असा की नुसतं नाव लिहून ठेवलेली यादी ही यादी नसतेच. प्रत्येक नावापाशी तारीख आणि ठिकाण हवंच हवं, आणि ठिकाण म्हणजे राज्याचं किंवा देशाचं नाव नाही, कुठल्या तळ्याच्या कुठल्या काठावर इतकं नेमकं. हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, रानपिंगळ्याच्या गोष्टीनं पटवलं. हा आपल्या मध्य भारतातला छोटा पिंगळा, १८८४ नंतर त्याची एकही खरी नोंद नव्हती. मधे फक्त एक नमुना होता, रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याचा, त्यानं म्हणे १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवलेला. नंतर पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी म्युझियममधले जुने नमुने तपासले तेव्हा उघड झालं की तो नमुना म्युझियममधूनच चोरलेला, एकोणिसाव्या शतकातला, दुसऱ्याच माणसानं गोळा केलेला, आणि त्यावर या गृहस्थानं स्वतःची खोटी चिठ्ठी लावलेली. मग रासमुसेन यांनी त्या ठिकाणावर फुली मारली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा शोधायला सुरुवात केली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्याबरोबर शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा सापडला. ११३ वर्षांनी! खोट्या चिठ्ठीनं दिशाभूल केली आणि खऱ्या चिठ्ठीनं पक्षी मिळवून दिला. आता आपल्या यादीला एवढं महत्त्व नसतं हे मान्य, पण 'बहुतेक तिकडेच बघितला असेल' असं म्हणून मागाहून ठिकाण भरायचा मोह झाला की मला ती चिठ्ठी आठवते आणि मी रकाना रिकामा सोडतो.

नेमकं ठिकाण लिहायचं दुसरं कारण जास्त स्वार्थी आहे. जाती फुटतात. म्हणजे आज जी एक जात मानली जाते ती उद्या दोन होते, आणि तुम्ही कुठे पाहिला होता हे लिहिलेलं असेल तर घरबसल्या एक पक्षी वाढतो. आपला गायबगळाच घ्या. २०२३ च्या बदलात ईबर्डनं त्याचे पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा असे दोन केले, ज्यांनी आफ्रिकेत किंवा युरोपात फिरताना 'गायबगळा, यात काय नवीन' म्हणून लिहिलाच नाही ते बसले हात चोळत. मी त्यातलाच एक. पुढच्याच वर्षी गव्हाणी घुबडाचे तीन झाले. उलटही होतं, त्याच २०२४ साली रेडपोल नावाच्या उत्तरेकडच्या छोट्या पक्ष्याच्या तीन जातींची एक केली आणि कित्येकांच्या यादीतून दोन-दोन आकडे गळाले. रागवायचं नाही, पक्षी तेच आहेत.

फीबी स्नेट्सिंगर हे नाव ऐकलं नसेल तर जरूर वाचा त्यांच्याबद्दल. १९८१ मध्ये कॅन्सरचं निदान झालं, आता फार दिवस नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि बाई पक्षी बघायला निघाल्या त्या पुढे अठरा वर्षं जगभर फिरत राहिल्या. आठ हजार जातींचा टप्पा ओलांडणाऱ्या त्या पहिल्या. १९९९ मध्ये मादागास्करला पक्षी बघायला गेलेल्या असतानाच रस्त्यावरच्या अपघातात गेल्या. पण मला त्यांच्या आकड्यापेक्षा त्यांच्या नोंदींचं कौतुक वाटतं. त्या उपजातीसुद्धा तपशिलात लिहून ठेवायच्या, आणि त्यातल्या कित्येक उपजाती नंतर स्वतंत्र जाती झाल्या. तेव्हा अ‍ॅप नव्हतं, सगळं हातानं.

जगात एकूण पक्षी किती, हा आकडाही यामुळेच हलता राहतो. पूर्वी तीन-चार वेगवेगळ्या जागतिक याद्या होत्या आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा, २०२५ मध्ये अवीलिस्ट नावाची एकत्र यादी आली, तेव्हा तिच्यात ११,१३१ जाती होत्या. पीटर केस्टनर नावाचे अमेरिकन पक्षीनिरीक्षक २०२४ च्या फेब्रुवारीत पाहिलेल्या जातींच्या आकड्यात दहा हजाराच्या पुढे गेले. हे वाचून खचू नका आणि पेटूनही उठू नका, ते वेगळंच आयुष्य आहे. तुम्ही एक यादी निवडा (ईबर्ड वापरत असाल तर ती आपोआप ठरते) आणि तिलाच धरून राहा, दोन याद्यांची नावं मिसळली की नंतर निस्तरताना डोक्याला भयंकर ताप होतो.

आता घड्याळ. हसू नका, या सगळ्या उत्तरात एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. ट्रिपच्या पहिल्या सकाळी कॅमेऱ्याचं घड्याळ तिथल्या वेळेला लावा आणि मग फोनवरच्या घड्याळाचा (सेकंद दिसतील असं) कॅमेऱ्यानं एक फोटो काढा. बस. मी एका ट्रिपला हे केलं नव्हतं, कॅमेरा घरच्या वेळेवर, फोन तिथल्या वेळेवर, मधे साडेतीन तासांचा फरक. नऊ दिवस, सहा हजार फोटो, दिवसाला चार-पाच चेकलिस्टा (एका जागी एका फेरीत दिसलेल्या पक्ष्यांच्या याद्या). घरी आल्यावर दलदलीतले तुतवार जंगलाच्या चेकलिस्टमधे आणि जंगलातला धनेश खाडीवर! ते तरी कळलं, कारण उघड चुकीचं होतं. पण दोन्हीकडे असू शकणारे वटवटे कुठले कुठे ते लावायला तीन रविवार गेले. फोनच्या घड्याळाचा एक फोटो असता तर फरक किती हे कळून सगळ्या फाइलींची वेळ एका झटक्यात सरकवता आली असती. कॅमेरा ब्लूटूथनं फोनकडून वेळ आणि ठिकाण घेतो म्हणतात, घेतो पण, तुटेपर्यंत. तुटलं की सांगत नाही.

दुसरी सवय, जागा बदलली की पहिल्यांदा स्वतःच्या तळहाताचा एक फोटो. रात्री फोटो चाळताना तळहात दिसला की समजायचं इथून नवीन जागा. आणि फोननं त्या जागेचा एक साधा फोटो, म्हणजे ठिकाण आणि वेळ दोन्ही आपोआप नोंदलं जातं.

लेन्सबद्दल फार लिहीत नाही कारण त्यावर लोक रात्रंदिवस भांडतच असतात. प्रवासासाठी एवढंच सांगतो की जी लेन्स तुम्ही दुपारी एक वाजतासुद्धा खांद्यावर ठेवाल ती चांगली. सोनीची २००-६०० सुरेख आहे पण दोन किलोच्या वर जाते, कॅननची आरएफ १००-४०० साडेसहाशे ग्रामच्या आत आहे आणि प्रकाश कमी पडला की रडते. दोन्हींनी लाइफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेले पक्षी, मिळतात. ज्याला फक्त पुरावा हवाय त्याच्यासाठी निकॉन पी१००० सारखे ३००० मिलिमीटरपर्यंत जाणारे ब्रिज कॅमेरे वाईट नाहीत, खाडीच्या पलीकडच्या काठावरच्या पक्ष्याच्या पायाचा रंग त्यांनी कळतो, भिंतीवर लावायचा फोटो मात्र त्यातून मागू नका. आणि दुर्बीण. दुर्बीण न घेता नुसता कॅमेरा घेऊन जाणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, कारण मग तुम्ही फक्त फोटो निघेल एवढ्या जवळचेच पक्षी बघता आणि झाडाच्या शेंड्यावर जे चाललंय ते तुमच्यासाठी नसतंच. ८x४२ गळ्यात, कॅमेरा खांद्यावर तिरक्या पट्ट्यानं. वजनाची सवय होते. (बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानात ठेवा, सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, टोकांना टेप लावा.)

सेटिंगचं माझं असं आहे की दोन मोड आधीच भरून ठेवायचे. एक बसलेल्या पक्ष्यासाठी, शटर स्पीड १/६४० च्या आसपास, दुसरा उडणाऱ्यासाठी, १/२५०० किंवा वर, दोन्हीत अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं आणि आयएसओ ऑटो. आयएसओ वाढला तर दाणे येतात, ते नंतर काढता येतात, हललेला फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरनं सरळ होत नाही. पांढरा बगळा गडद पाण्यासमोर असेल तर एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली, नाहीतर पिसांचा नुसता चुना होतो. उजळ आभाळासमोर घार असेल तर उलट, एक-दीड वर, नाहीतर घार की शिक्रा की कावळा, सगळे काळेच. डोळा पकडणारं ऑटोफोकस उघड्यावर जादू करतं पण फांद्यांच्या गुंत्यात पान पकडून बसतं, तिथे एका बिंदूवर यायचं बटण बोटाला पाठ असायला हवं, मेन्यूत शोधत बसलात की वटवट्या गेला.

आणखी एक, दुपारी उन्हात पाण्यावरून किंवा मैदानावरून लांबचा फोटो घेतला आणि तो मऊ आला तर लेन्सला शिव्या देऊ नका, तापलेल्या हवेची थरथर असते ती. तिला इलाज नाही, सकाळी या किंवा जवळ जा. गाडीत एसी लावून काच खाली करून फोटो काढला तरी हेच होतं, आतली-बाहेरची हवा खिडकीतच मिसळते. इंजिन बंद, एसी बंद, काच खाली, बीन बॅगवर लेन्स, आणि गाडीतून उतरायचं नाही. पक्षी गाडीला घाबरत नाहीत, माणसाच्या आकाराला घाबरतात.

आता प्रत्यक्ष पक्षी समोर आला की काय. माझा क्रम ठरलेला आहे. पहिली पाच फ्रेम पुराव्याची, कशीही, पाठमोरा असो फांदीआड असो. मग कॅमेरा खाली, दुर्बीण वर, निदान अर्धा मिनिट नुसतं बघायचं. मग जमलं तर चांगल्या फोटोसाठी प्रकाश, कोन वगैरे. लोक तिसऱ्यापासून सुरू करतात, चांगल्या अँगलसाठी वळसा घालतात, पक्षी उडतो, आणि हातात ना पुरावा ना आठवण. आणि पुराव्याचा फोटो म्हणजे डोळ्यात चमक असलेला सुंदर चेहरा नव्हे. कुठला अवयव लागणार हे पक्ष्यावर ठरतं. टिलवे म्हणजे चिखलात चरणारे छोटे पक्षी, त्यांच्यात पायाचा रंग, छोट्याचे काळे आणि टेमिंकचे पिवळसर, तेव्हा चिखलात रुतलेले पाय बाहेर येईपर्यंत थांबा. भोवत्याची (हॅरिअर, शिकारी पक्षी) मादी असेल तर पंखाची खालची बाजू. हिरवट वटवट्यांच्या त्या डोकेदुखी कुटुंबात पंखावरच्या पट्ट्या, भुवई, पायाचा रंग, आणि आवाज तर हवाच, फोननं वीस सेकंद रेकॉर्ड करा, नुसत्या फोटोवर त्यांच्यातले कित्येक सुटतच नाहीत.

याचं एक उदाहरण सविस्तर सांगतो कारण त्यातून मी सगळ्यात जास्त शिकलो. पाणलावा म्हणजे स्नाइप. साधा पाणलावा आणि पिनटेल, दोघं एकाच चिखलात, बसलेले असताना भल्याभल्यांना चकवतात. उडताना साध्याच्या पंखाला मागच्या कडेनं पांढरी रेघ दिसते, पिनटेलला नसते, पण तिसरा एक आहे स्विन्होचा, तो आणि पिनटेल हे वेगळे करायचे तर शेपटीची बाहेरची पिसं दिसायला हवीत आणि ती तर पक्षी मिटूनच बसतो. एका संध्याकाळी मला पंधरा-सोळा मीटरवर एक मिळाला, माझं अंग चिखलात अर्धं गेलेलं, लेन्स जमिनीला टेकलेली. फोटो तर पहिल्या मिनिटात शंभर झाले, सगळे सुंदर, ओळखीसाठी सगळे निरुपयोगी. मग ठरवलं, उठायचं नाही. चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी वरखाली चाललेली. पंचवीस मिनिटांनी त्याचं खाणं संपलं, पाण्यात दोनदा बुडी मारली, आणि मी बोट शटरवर ठेवूनच होतो कारण अंघोळीनंतर पक्षी पिसं साफ करतो आणि साफ करताना शेपूट पसरतो. पसरली, एका बाजूनं, जेमतेम सेकंदभर. चाळीस फ्रेम गेल्या, त्यातल्या तीनमध्ये बाहेरची पिसं दिसली, एकेक काडीसारखं, टाचणीइतकं बारीक, शेजारी शेजारी. पिनटेल. ते तीन फोटो इतके भिकार आहेत की कुणाला दाखवले तर विचारतात यात काय बघायचं, पण माझ्या यादीतली ती सगळ्यात भक्कम नोंद आहे.

थांबण्यावरून आठवलं, अंघोळ, पिसं साफ करणं, उडण्याआधी शिटणं, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून झेप घेणं, या सवयी माहीत असल्या की फोटो आपोआप चांगले येतात. वारा तुमच्या पाठीमागून असेल आणि सूर्यही, तर उडणारा पक्षी तुमच्याकडेच तोंड करून निघतो. बाकी त्यानं खाणं थांबवलं, मान ताणली, तुमच्याकडे एका डोळ्यानं बघायला लागला, की तुम्ही जास्त जवळ आलात, एक पाऊल मागे. घरट्यावर फोटो नको, आवाज लावून बोलावणं नको, घुबडाला उंदीर टाकणं तर नकोच नको. हे वाद घालायचे विषय आहेत असं मला वाटत नाही. दुर्मिळ पक्ष्याचं नेमकं ठिकाण सोशल मीडियावर टाकू नका, आणि फोटोत जीपीएस चिकटलेलं असतं हेही विसरू नका. ईबर्ड काही संवेदनशील जातींची ठिकाणं स्वतःच लपवतं, तुम्ही मात्र लपवत नसता.

ट्रिपमध्ये जास्त पक्षी मिळवायचे तर तयारी घरी होते. ईबर्ड २००२ पासून आहे, कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी चालवतं, आणि त्यात टार्गेट स्पीशीज नावाची सोय आहे. तुम्ही न पाहिलेले पण त्या भागात त्या महिन्यात लोकांना दिसणारे पक्षी, आणि किती टक्के चेकलिस्टमध्ये दिसतात तो आकडा. लोक ही यादी उघडतात आणि खालून वाचतात, अर्धा टक्का वाला दुर्मिळ पक्षी हवा म्हणून! वरून वाचा. वरचे वीस पक्षी रस्त्याकडेला मिळतात, त्यांचे आवाज आधी आठवडाभर ऐका, त्यांचे जुळे कोण ते बघा. तिथले नेहमीचे पक्षी पाठ असले की वेगळा कानाला खटकतोच. नवीन भागात पहिला अर्धा दिवस मी मुद्दाम तिथल्या अगदी साध्या पक्ष्यांवर घालवतो, तिथला बुलबुल, तिथला धोबी, तिथली मैना, सगळ्या बाजूंनी फोटो. माझे सोबती वैतागतात. पण तिसऱ्या दिवशी धावत्या गाडीतून 'हा तो नव्हे' म्हणणारा मीच असतो.

चेकलिस्टा छोट्या ठेवा. दिवसभराची एक मोठी यादी केलीत की ठिकाण म्हणून जिल्हा उरतो. तासाभराची, एका जागेची, दिसले-ऐकले ते सगळे पक्षी आकड्यासकट, कावळे-साळुंक्यांसहित. ओळखता आला नाही तर अमुक कुटुंबातला कुणीतरी असं लिहायची सोय आहे ती वापरा, त्यात काही लाज नाही.

मर्लिन म्हणजे पक्षी ओळखून देणारं मोबाइलचं अ‍ॅप, त्याबद्दल विचारलं नाहीत पण विचारणार हे माहीत आहे. चांगलं अ‍ॅप आहे, मी रोज वापरतो. पण त्यानं स्क्रीनवर नाव पेटवलं म्हणून लाइफर झाला असं नसतं. भृंगराज कोतवाल दहा जणांच्या नकला करतो, शिक्र्याचीसुद्धा, आणि अ‍ॅप बिचारं तेवढ्या सगळ्यांची नावं देत बसतं. नाव पेटलं की मान वर करा आणि शोधा, एवढाच त्याचा उपयोग.

रात्रीचं काम कंटाळवाणं असतं पण तेव्हाच करायचं. कार्डावरून दोन ठिकाणी कॉपी, मगच कार्ड पुसायचं. मी एकदा दमलेल्या अवस्थेत उलट्या क्रमानं केलं, त्यात एका गरुडाची एकुलती एक भेट गेली, पण नोंद वहीत होती म्हणून यादीत आहे. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघून फोटो डिलीट करू नका, तिथे भिकार दिसणाऱ्या फोटोतच शेपटीचं पीस असतं. फोल्डरचं नाव तारीख आणि ठिकाण, पक्ष्याचं नाव फाइलच्या आत कीवर्ड म्हणून, म्हणजे फाइल कुठेही हलवली तरी नाव बरोबर जातं. रोज नवीन वाटणाऱ्या प्रत्येक पक्ष्याबद्दल वहीत दोन ओळी: काय दिसलं, काय दिसलं नाही. काय दिसलं नाही हे लिहायला कुणी सांगत नाही, पण दहा वर्षांनी तेच कामाला येतं.

राहिले तुमचे चौदा-पंधरा हजार. पहिल्या ट्रिपपासून सुरुवात करू नका, कंटाळून सोडून द्याल. सगळ्यात अलीकडची ट्रिप घ्या, आठवणी ताज्या आहेत, दिवसवार फोल्डर करा, घड्याळ बरोबर होतं का ते आधी तपासा (कुणीतरी मोबाइलनं काढलेला ग्रुप फोटो आणि तोच क्षण तुमच्या कॅमेऱ्यात, दोन्हींच्या वेळा जुळवून बघा, फरक लगेच कळतो). मग खात्रीचे तेवढेच पक्षी नोंदवा. जुन्या तारखेच्या चेकलिस्टा ईबर्डवर आजही भरता येतात, सगळे पक्षी आठवत नसतील तर पूर्ण यादी आहे का या प्रश्नाला प्रामाणिकपणे नाही म्हणा. एक ट्रिप झाली की मागची. प्रत्येक फोटोत मुख्य पक्ष्याच्या मागे कोण आहे तेही बघत जा, माझा पहिला टेमिंकचा टिलवा मला शेकाट्याच्या फोटोत मागे सापडला, काढल्यानंतर चार वर्षांनी, पिवळसर पाय स्वच्छ दिसत होते. पण तो मी लाइफर म्हणून धरला नाही, कारण त्या दिवशी मी त्याला बघितलाच नव्हता. यावर माझ्या मित्रांचं मत वेगळं आहे आणि आमचं अजून मिटलेलं नाही, तुम्ही तुमचं ठरवा.

आणि ज्यांचं काहीच कळत नाही त्यांच्यासाठी एक वेगळं फोल्डर करून त्यात ढकला आणि पुढे चला. माझ्याकडे त्याचं नाव 'छोटे तपकिरी' आहे. दर पावसाळ्यात, बाहेर जाता येत नाही तेव्हा, मी ते उघडतो. गेल्या खेपेला चार सुटले, सध्या त्यात २१२ फोटो आहेत.